संगणकीय अर्थशास्त्रात संशोधन कसं शिकायचं? आधी ताळा, मग मॉडेल

प्रश्न असा आहे: 'अर्थशास्त्रात एम.ए. झालं आहे. पायथॉन थोडंफार येतं, मॅक्रोचे पेपर वाचून समजतात. पण स्वतः मॉडेल सोडवून संशोधन करायचं म्हटलं की कुठून धरावं तेच कळत नाही. आधी भाषा पक्की करू, गणित वाचू, की थेट विषय निवडू? आणि साधा लॅपटॉप पुरेल का?'

भाषेचा प्रश्न आधी मिटवून टाकू, कारण त्यात लोकांचे महिनेच्या महिने जातात. पायथॉन येतं ना, मग पायथॉनच ठेवा. ज्युलिया, मॅटलॅब, आर, फोरट्रान, सगळ्यांत उत्तम काम झालेलं आहे. अरुओबा आणि फर्नांडेझ-व्हियावेर्दे यांनी २०१५ साली एकच वाढीचं मॉडेल निरनिराळ्या भाषांत लिहून किती वेळ लागतो ते मोजलं होतं. साधं पायथॉन सी प्लस प्लसपेक्षा शंभरपटीहून जास्त संथ निघालं, पण नंबा (पायथॉनचा कोड वेगवान करणारं साधन) लावल्यावर ते दुपटीच्या आत आलं. म्हणजे वेग कमी पडला तर त्यावर इलाज आहे. तुम्हाला खरी अडचण येणार आहे ती दुसरीच, आणि माझं बहुतेक उत्तर तिच्याबद्दलच आहे.

संगणक कधीच गप्प बसत नाही. सिद्धांत मांडताना एखादी पायरी सुटली तर वाचणाऱ्याला ती खटकते. रिग्रेशन केलं तर आकडा किती डळमळीत आहे ते सांगणारी स्टँडर्ड एरर तरी शेजारी छापून येते. मॉडेल सोडवलं की मात्र ०.३४१७ असा एक नीटनेटका आकडा समोर येतो आणि तो बरोबर आहे की साफ चुकलेला, याची कसलीही खूण त्याच्यावर नसते. आलेख गुळगुळीत येतो, प्रोग्रॅम 'कन्व्हर्ज झालं', म्हणजे उत्तर आता हलत नाही, असं म्हणतो, आणि तरीही उत्तर चूक असू शकतं. शाळेत गणित सोडवल्यावर आपण ताळा करायचो, तशी या क्षेत्रातली निम्मी विद्या म्हणजे ताळा कसा करायचा याची विद्या आहे. कोड लिहिणं त्या मानाने लवकर जमतं.

म्हणून पहिलं मॉडेल असं घ्या की ज्याचं उत्तर कागदावर निघतं.

ब्रॉक आणि मिरमन यांचं १९७२ चं मॉडेल यासाठी मला सगळ्यात योग्य वाटतं. त्याचं सर्वात साधं रूप घ्या, अनिश्चिततेशिवाय. एकच कुटुंब आहे, त्याच्याकडे भांडवल आहे, त्यातून उत्पादन होतं, उत्पादनातलं काही खायचं आणि उरलेलं उद्याचं भांडवल म्हणून ठेवायचं. जुनं भांडवल एका कालखंडात पूर्ण झिजतं आणि उपयुक्तता (खाण्यातून मिळणारं समाधान) लॉगरिदमने मोजली आहे. या दोन गृहीतकांमुळे जादू होते: दरवर्षी उत्पादनाचा अल्फा गुणिले बीटा इतका हिस्सा वाचवायचा, बस्स. भांडवलाचा घातांक अल्फा ०.३६ आणि भविष्याला दिलेलं वजन बीटा ०.९५ धरा. बचतीचा दर ०.३४२ येतो, आणि भांडवल जिथे स्थिरावतं ती पातळी येते सुमारे ०.१८७. हे हाताने सोडवा. हातात अमुक भांडवल असेल तर आजपासून पुढचं एकूण समाधान किती, हे सांगतं ते व्हॅल्यू फंक्शन, आणि आजचं समाधान व उद्याची व्हॅल्यू यांना जोडतं ते बेलमन समीकरण. त्या समीकरणात व्हॅल्यू फंक्शनचा अंदाज घालून गुणांक काढायचे आहेत, दीड पानाचं काम आहे. तो कागद समोर ठेवा.

आता उत्तर माहीतच नाही असं समजून संगणकाकडून काढा. भांडवलाच्या ०.०५ ते ०.५ या टप्प्यात समान अंतरावर १०० बिंदू घ्या, ही तुमची ग्रिड. व्हॅल्यू फंक्शन सगळीकडे शून्य धरून सुरुवात करा. प्रत्येक बिंदूवर उभं राहून उद्यासाठी यातला कोणता बिंदू निवडणं फायद्याचं ते शोधा, व्हॅल्यू नव्याने लिहा, पुन्हा तेच. दोन फेऱ्यांमधला फरक अगदी लहान झाला की थांबा. कोड वीस-पंचवीस ओळींचा होतो.

मग प्रत्येक बिंदूवरचा बचतीचा दर छापा आणि कागदाशेजारी धरा. ०.३४२ दिसणार नाही. दर थोडा वर, थोडा खाली असा उड्या मारताना दिसेल. बहुतेक जण इथे कोडमध्ये चूक शोधायला लागतात. थोडं थांबून हिशोब करा: ग्रिडच्या दोन बिंदूंमधलं अंतर आहे सुमारे ०.००४५, आणि स्थिर पातळीला उत्पादन आहे सुमारे ०.५४७. म्हणजे ग्रिडवरची एक पायरी ही उत्पादनाच्या सुमारे ०.८ टक्के इतकी आहे. याहून बारीक बोलायला तुम्ही संगणकाला शब्दच दिलेले नाहीत. १,००० बिंदू घेतले तर पायरी दहापट बारीक होते, पण प्रत्येक बिंदूवरून प्रत्येक बिंदू तपासायचा असल्याने काम शंभरपट वाढतं. इथे तुम्हाला आपोआप वाटेल की दोन बिंदूंच्या मधली किंमत अंदाजाने भरता आली तर बरं. हेच इंटरपोलेशन. पुस्तकात ते सुटं प्रकरण म्हणून वाचलं तर कंटाळवाणं वाटतं, असं अडून शिकलं तर कायमचं लक्षात राहतं.

दुसरी गोष्ट थांबण्याच्या अटीची. 'फरक दहा लाखांत एकापेक्षा कमी झाला की थांब' असं आपण लिहितो आणि उत्तर तितकंच अचूक आहे असं मनाशी धरतो. तसं नसतं. शेवटच्या दोन फेऱ्यांतला फरक आणि खऱ्या उत्तरापासूनचं अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते अंतर त्या फरकाच्या बीटा भागिले (१ वजा बीटा) पटीपर्यंत असू शकतं. बीटा ०.९५ असेल तर ही पट १९ आहे, ०.९९ असेल तर ९९. बीटा एकच्या जितका जवळ तितक्या फेऱ्याही जास्त: फरक दहा लाखावा हिस्सा होईपर्यंत ०.९५ ला सुमारे २७० फेऱ्या लागतात, ०.९९ ला सुमारे १,३७५. तिमाही आकडेवारीवर काम करणारे बीटा ०.९९ च्या आसपास धरतात, म्हणून ही तुमच्याही वाट्याला येणारी गोष्ट आहे. जाता जाता एक पाहून ठेवा: व्हॅल्यू फंक्शन अजून हलत असताना निर्णय मात्र कितीतरी आधीच स्थिर झालेले असतात. रोनाल्ड हॉवर्ड यांची १९६० ची युक्ती याच निरीक्षणावर उभी आहे. निर्णय कायम ठेवून व्हॅल्यू पुढे ढकलायची, आणि अधूनमधूनच निर्णय तपासायचे.

यानंतरचा सराव मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला करायला लावतो. चालणाऱ्या कोडमध्ये मुद्दाम चूक घाला. बीटा ०.९५ ऐवजी ०.५९ लिहा, बोटं उलटी पडल्यासारखी. प्रोग्रॅम चालेल. आलेख तितकाच सुरेख येईल. तितक्याच अचूकतेला आधी २७० फेऱ्या लागत होत्या, आता जेमतेम २७ लागतील. म्हणजे चुकलेला कोड बरोबर कोडपेक्षा जास्त झटपट आणि जास्त आत्मविश्वासाने उत्तर देतो. बचतीचा दर ०.२१ च्या घरात आला आहे, हे फक्त समोरच्या कागदामुळे कळतं. अशा पाच-सहा चुका घाला: चिन्ह उलटं करा, घातांक विसरा, एक बिंदू पुढचा वाचा. कोणती चूक कोणत्या तपासणीत सापडते आणि कोणती कशातच सापडत नाही, याची वहीत नोंद ठेवा. दोन दिवसांचं काम आहे, पण पुढच्या दहा वर्षांत स्वतःच्या कोडकडे कसं पाहायचं ते इथे ठरतं.

मग कागदाचा आधार सोडायचा. झीज १०० टक्क्यांऐवजी १० टक्के करा. आता बंद सूत्र नाही, ताळा कशाशी करणार? इथे ऑयलर समीकरण कामाला येतं. आजच्या एका घासाचं मोल आणि तो वाचवून उद्या मिळणाऱ्याचं आजच्या हिशोबाने मोल सारखं असलं पाहिजे. तुमचं उत्तर घेऊन ग्रिडच्या बिंदूंवर नाही तर मधल्या मोकळ्या जागांत हे समीकरण तपासा, आणि चूक खर्चाच्या प्रमाणात लिहा. दहा हजारांत एक इतकी चूक म्हणजे ते कुटुंब दहा हजार रुपयांच्या खर्चामागे एका रुपयाने चुकतंय. केनेथ जड यांनी १९९२ मध्ये चूक अशा रीतीने मोजून दाखवली आणि आता ती जवळजवळ रीतच झाली आहे. मला ती आवडते याचं कारण ती चूक अर्थशास्त्राच्या भाषेत सांगते. '१० चा उणे सहावा घात' यावरून कुणालाच काही कळत नाही.

ही सावधगिरी अवाजवी वाटत असेल तर एक जुनी गोष्ट ऐका. जॉन टेलर आणि हॅराल्ड उहलिग यांनी १९९० मध्ये अनेक संशोधकांना एकच वाढीचं मॉडेल आपापल्या पद्धतीने सोडवायला दिलं होतं. मॉडेल तेच, आकडे तेच, माणसं तज्ज्ञ. तरी सोडवलेल्या मालिकांचे गुणधर्म पद्धतीगणिक लक्षात येण्याइतके वेगळे निघाले. पद्धती तेव्हापासून पुष्कळ सुधारल्या, पण 'मॉडेल असं सांगतं' हे वाक्य वाचताना मी आजही मनात 'या पद्धतीने सोडवलेलं मॉडेल असं सांगतं' असं वाचतो.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी अय्यागारी यांच्या १९९४ च्या मॉडेलच्या धर्तीवर काम करत होतो. कुटुंबांचं उत्पन्न अनिश्चित, विमा नाही, म्हणून प्रत्येक जण अडीअडचणीसाठी साठवतो. माझ्या निकालात एक गोष्ट फार छान दिसत होती: संपत्ती एका पातळीला पोचली की श्रीमंत कुटुंबं साठवणं एकदम थांबवत होती. मी त्यावर तीन आठवडे घालवले. दोन पानांचं आर्थिक स्पष्टीकरण लिहिलं, ते पटण्यासारखंही होतं. गाइडनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, 'तुझी ग्रिड कुठे संपते?' ती पातळी म्हणजे माझ्या ग्रिडचा शेवटचा बिंदू होता. कुटुंबांना आणखी साठवायचं होतं, मीच त्यांना भिंतीशी अडवलं होतं. वरची मर्यादा दुप्पट केली तर ती 'पातळी' बरोबर दुप्पट अंतरावर जाऊन बसली. एकूण बचत वाढल्यामुळे व्याजदरही बदलला, आणि त्यावर उभे असलेले पुढचे सगळे तक्ते गेले.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक कोडमध्ये एक ओळ असते: शेवटच्या बिंदूवर दहा हजारांत एकापेक्षा जास्त लोक उभे असतील तर प्रोग्रॅम तिथेच थांबव. आणि ज्या निकालाचं स्पष्टीकरण मला चटकन सुचतं, त्याचा ताळा मी जास्त वेळा करतो. माणसाला कुठल्याही आलेखाची गोष्ट रचता येते.

अनिश्चितता मॉडेलमध्ये आली की चुकायच्या नव्या जागा येतात. उत्पन्नाचे चढउतार आपण मोजक्या पायऱ्यांवर बसवतो. त्यासाठी १९८६ ची टाउचेन यांची पद्धत सगळे आधी शिकतात आणि ती बऱ्याचदा पुरते. पण आजचा धक्का उद्यावर फार काळ रेंगाळत असेल आणि पायऱ्या थोड्या असतील तर ती उत्पन्नाची विषमताच चुकीची दाखवते. अशा वेळी राउवेनहोर्स्ट यांची पद्धत वापरा. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. सिम्युलेशनचा नियम मात्र पाठच हवा: चूक निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो, दशांश चिन्हापुढे आणखी एक अंक खात्रीचा हवा तर शंभरपट. म्हणून १०,००० कुटुंबं चालवून काढलेल्या सरासरीचे सहा अंक छापू नका. रँडम सीड, म्हणजे संगणकाचे यादृच्छिक आकडे ज्या आकड्यापासून सुरू होतात तो, लिहून ठेवा, आणि दहा वेगवेगळ्या सीडवर निकाल टिकतो का ते पाहिल्याशिवाय कुणाला दाखवू नका. संगणकातली बेरीजही आपल्या वहीतल्यासारखी नसते, याची एकदा ओळख करून घ्या. पायथॉनमध्ये ०.१ + ०.२ बरोबर ०.३ आहे का विचारा, तो 'नाही' म्हणेल. दोन आकडे समान आहेत का, असं दशांश अपूर्णांकांना कधी विचारायचं नसतं, फरक पुरेसा लहान आहे का असं विचारायचं.

तुमचा ओढा एजंट-आधारित मॉडेलांकडे, म्हणजे प्रत्येक माणसाला साधे नियम देऊन सगळे मिळून काय घडतं ते पाहण्याकडे, असेल तर संगणकाआधी चौकटींचा कागद आणि दोन प्रकारची नाणी घ्या. थॉमस शेलिंग यांनी वस्त्या वेगळ्या कशा पडतात याचं मॉडेल असंच पटावर मांडलं होतं, १९७१ मध्ये ते सविस्तर आलं. शेजाऱ्यांपैकी तिसरा हिस्सा जरी आपल्यासारखे असले तरी माणूस समाधानी आहे, इतकी सौम्य अट ठेवूनही पट हळूहळू मोठमोठ्या सलग तुकड्यांत विभागला जातो. हाताने खेळलात की पाचव्या मिनिटाला प्रश्न पडतील: आधी कोणी हलायचं? जवळच्या रिकाम्या घरात जायचं की कुठल्याही? सगळ्यांनी एकदम हलायचं की एकेकाने? या प्रश्नांना आर्थिक सिद्धांत उत्तर देत नाही, पण कोडला उत्तर द्यावंच लागतं, आणि तुम्ही दिलं नाही तर ते नकळत दिलं जातं.

याचे परिणाम किती मोठे असू शकतात ते नोवाक आणि मे यांच्या १९९२ च्या कामावरून कळतं. पटावर शेजाऱ्यांशी कैद्यांचा पेच (सहकार्य दोघांच्या फायद्याचं, पण दगा देण्याचा मोह प्रत्येकाला, असा खेळ) खेळणारे खेळाडू, आणि त्यांच्यात सहकार्य टिकून राहतं असा निकाल. पुढच्याच वर्षी ह्यूबरमन आणि ग्लान्स यांनी तेच मॉडेल घेतलं, फक्त सगळे एकाच ठोक्याला निर्णय बदलण्याऐवजी एकामागून एक बदलतात असं केलं. त्यांच्या उदाहरणात सहकार्य नाहीसं झालं. माणसांच्या स्वभावाबद्दलचं गृहीतक जसंच्या तसं होतं, बदललं होतं ते घड्याळ. एजंट-आधारित मॉडेल लिहाल तेव्हा असा प्रत्येक मुका निर्णय वहीत लिहून काढा आणि एकेक उलटवून पाहा.

आकडेवारीवरून मॉडेलचे प्राचल (अल्फा, बीटासारखे आकडे) काढायचे असतील तर जॉन रस्ट यांचा १९८७ चा पेपर पुन्हा करून पाहण्यासारखा आहे. एका शहर बससेवेच्या १६२ बसगाड्या, आणि इंजिन केव्हा बदलायचं हा देखभाल-प्रमुखाचा निर्णय. प्रश्न इतका ठोस आहे की मॉडेलचा प्रत्येक भाग कशासाठी आहे ते दिसतं. वर सांगितलेली बीटाची गोष्ट इथे खरी जाचते. रस्ट यांनी दरमहा ०.९९९९ धरला होता, म्हणजे ती पट ९,९९९. नुसत्या फेऱ्या मारत बसलात तर दिवस सरेल, म्हणून त्यांनी न्यूटनच्या पद्धतीची जोड दिली. तुम्ही आधी फेऱ्याच मारा, वैतागा, आणि मग न्यूटनकडे या.

अशा कामात आत एक गणित आणि बाहेर दुसरं असतं. आतलं मॉडेल सोडवतं, बाहेरचं प्राचल शोधतं. आतल्या गणिताची थांबण्याची अट सैल ठेवली की वेळ वाचतो, पण बाहेरचं गणित त्या खडबडीतपणालाच डोंगर-दऱ्या समजून भलत्याच ठिकाणी थांबतं. मागणीच्या प्रचलित मॉडेलांत असं घडतं हे दुबे, फॉक्स आणि सू यांनी २०१२ मध्ये दाखवलं. निटेल आणि मेटाक्सोग्लू यांनी २०१४ मध्ये तशीच मॉडेलं कितीतरी सुरुवातीच्या बिंदूंवरून आणि निरनिराळ्या ऑप्टिमायझरने (सर्वोत्तम प्राचल शोधणाऱ्या प्रोग्रॅमने) चालवली, तर उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन थांबली. म्हणून माझा नियम साधा आहे: आतली अट बाहेरच्यापेक्षा बरीच कडक, आणि किमान पन्नास वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरुवात. आणखी एक ताळा आहे, तो तर मी कधीच चुकवत नाही. खरी आकडेवारी हातात घेण्याआधी स्वतः ठरवलेल्या प्राचलांनी खोटी आकडेवारी तयार करायची आणि तुमचा कोड तेच प्राचल परत देतो का ते पाहायचं. जो कोड मी लपवलेली वस्तू मलाच शोधून देत नाही, त्याला मी खरी आकडेवारी देत नाही.

आता आकडेवारी आणि फायली. हे भाग वर्गात कोणी शिकवत नाही, पण प्रत्यक्षात सर्वांत जास्त अपघात इथेच होतात. राइनहार्ट आणि रोगॉफ यांच्या २०१० च्या पेपरचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. सरकारी कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की सरासरी वाढ उणे ०.१ टक्का, असा निकाल होता आणि तो धोरणाच्या चर्चेत जगभर वापरला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस हर्नडन यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तो निकाल पुन्हा काढायला घेतला. जमेना. लेखकांनी त्यांना आपली एक्सेल शीट दिली, तेव्हा दिसलं की सरासरीच्या सूत्रात वर्णानुक्रमे पहिले पाच देश, ऑस्ट्रेलियापासून डेन्मार्कपर्यंतचे, घेतलेच नव्हते. हर्नडन, अॅश आणि पॉलिन यांनी २०१३ मध्ये सगळं दुरुस्त करून काढलेला आकडा होता अधिक २.२ टक्के.

या गोष्टीचा जो भाग सहसा सांगितला जात नाही तोच शिकणाऱ्याच्या जास्त कामाचा आहे. एक्सेलचं चुकलेलं सूत्र हा फरकाचा लहान हिस्सा होता. मोठा हिस्सा काही वर्षं वगळल्याने आणि वजन देण्याच्या पद्धतीने आला होता: न्यूझीलंडचं एकच वाईट वर्ष आणि ब्रिटनची १९ वर्षं सरासरीत समान धरली होती. प्रत्येक देशाला समान वजन द्यायचं हा चुकीचा नव्हे, वादाचा निर्णय आहे, त्याच्या बाजूने बोलता येतं. पण असा निर्णय शीटच्या एका खान्यात दडून राहिला तर त्यावर वादच होत नाही. म्हणून सगळी कामं कोडने करा, हाताने एकही खाना बदलू नका. मूळ आकडेवारीच्या फोल्डरमध्ये काही लिहायचं नाही. दोन तक्ते जोडले की आधी किती ओळी होत्या, नंतर किती झाल्या, हे प्रत्येक वेळी छापा. जोडताना ओळी गुपचूप वाढणं हा मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेला दोष आहे. गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, पहिल्या दिवसापासून वापरा. आणि एकच फाइल चालवली की मूळ आकडेवारीपासून शेवटच्या आलेखापर्यंत सगळं नव्याने तयार झालं पाहिजे. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २०१८ मध्ये लार्स विल्ह्यूबर यांना डेटा एडिटर नेमलं, आणि आता त्यांच्या जर्नलमध्ये पेपर छापण्याआधी कोड आणि आकडेवारी तपासली जाते. हे शेवटच्या आठवड्यात उरकायला गेलात तर जमणार नाही, सवयच हवी.

त्या नियमामुळे तुमच्यासारख्यांची मोठी सोय झाली आहे. प्रकाशित पेपरांचे कोड आता सहज मिळतात, आणि विषय निवडण्याचा मला माहीत असलेला सर्वांत भरवशाचा रस्ता तिथूनच जातो. एक पेपर निवडा, तो आवडलेला असावा. लेखकांचा कोड न उघडता मुख्य तक्ता स्वतः काढायचा प्रयत्न करा. अडाल. पेपरमध्ये न लिहिलेल्या दहा गोष्टी लागतील, मग कोड उघडा आणि त्या कशा ठरवल्या ते पाहा. जुळलं की एकच गृहीतक बदला, ज्याबद्दल तुम्हाला खरोखर शंका आहे ते. कुटुंबं सगळी सारखी का मानली? कर्जाची मर्यादा उत्पन्नाबरोबर बदलली तर? कित्येक चांगले प्रबंध असेच सुरू झालेले आहेत. 'मला मशीन लर्निंग वापरून काहीतरी करायचं आहे' इथून सुरुवात करणाऱ्यांची मला काळजी वाटते, कारण हातोडी आधी निवडली की प्रश्न तिच्या मापाचा शोधला जातो. कोड लिहिण्याआधी एका परिच्छेदात लिहा: कोण कशाच्या बदल्यात काय सोडतंय, आणि निकाल कोणत्या दिशेने जाईल असं तुम्हाला वाटतं, का वाटतं. अंदाज आधी लिहिलेला असला की निकाल उलटा आल्यावर तुम्ही थबकता. नाही तर त्यालाच अंदाज म्हणून मोकळे होता.

गणित किती हवं? रेषीय बीजगणित, ऑप्टिमायझेशन, मार्कोव्ह साखळ्या आणि फेऱ्या एकाच उत्तराकडे का जातात ते सांगणारा संकोचनाचा सिद्धांत. हे चार असले की काम सुरू करता येतं, बाकीचं वाटेत शिकता येतं. टॉमस सार्जंट आणि जॉन स्टाहुर्स्की यांचे क्वांटइकॉन या वेबसाइटवरचे धडे मोफत आहेत, पायथॉन आणि ज्युलिया दोन्हींत आहेत, कोडसकट आहेत. ते क्रमाने वाचत बसू नका, वरचं मॉडेल करताना जिथे अडाल ते प्रकरण उघडा. आता एआयकडून कोड लिहून घेणंही सोपं झालं आहे आणि मीही घेतो. पण पहिली तीन मॉडेलं स्वतःच्या हाताने लिहा. एआयने दिलेला कोडही चालतो, आलेखही सुरेख येतो, आणि त्यात ०.५९ लिहिलेलं असेल तर ते ओळखायचं काम तुमच्याकडेच राहतं.

राहिला लॅपटॉप. भांडवलासाठी १०० बिंदू म्हणजे १०० आकडे. उत्पन्न हा दुसरा घटक जोडला, त्यालाही १०० बिंदू, तर १०,०००. वय किंवा कर्ज हा तिसरा घटक आला की दहा लाख. प्रत्येक आकड्याला ८ बाइट, म्हणजे ८ एमबी. इथपर्यंत लॅपटॉपला काहीच वाटत नाही. चौथा घटक आला की ८०० एमबी, पंखा जोरात फिरायला लागतो. पाचवा आला की ८० जीबी, आणि तिथे साध्या लॅपटॉपचं काम संपतं. पण त्या टप्प्यावरही मोठं मशीन मागण्याआधी दोन गोष्टी करून पाहा. उत्पन्नाला खरंच १०० बिंदू हवेत का? बहुतेक वेळा ७ ते १५ पुरतात. आणि बिंदू समान अंतरावर न ठेवता जिथे निर्णय झपाट्याने बदलतात तिथे, म्हणजे कर्जाच्या मर्यादेजवळ, दाट आणि वर विरळ ठेवा. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात जड मॉडेल एवढं केल्यावर माझ्या जुन्या लॅपटॉपवर रात्रभरात सुटायला लागलं, आणि सकाळी उठल्यावर मी पहिल्यांदा शेवटच्या बिंदूवर किती लोक उभे आहेत ते पाहायचो.